बाटलीतल्या मासोळ्या

१

बाटलीतलं पाणी स्वच्छ निघालं. गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

ती बाटली मी मंगळवारी पहाटे माझ्या हाताने भरली होती. नळाची पहिली धार. रंग चहासारखा, वर फेस, आणि वास तर सांगवत नाही. झाकण गच्च लावलं. शाल्मलीला सलाईन लावलं होतं तेव्हाची पांढरी चिकटपट्टी उरली होती, ती झाकणाभोवती गुंडाळून दाताने तोडली आणि पट्टीवर तारीख घातली. मग बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून कपाटावर ठेवली. त्यानंतर कागद उघडून पाहिलंच नाही. नुसत्या आठवणीनेच मळमळायचं.

रविवारी संध्याकाळी पाचला आमच्या गल्लीच्या अंगणवाडीत नगरसेवक धरमसिंगभाऊ आले. 'आले' म्हणजे पावणेसहाला आले. पथदिव्यांचं बोलून झालं, डुकरांचं झालं. घंटागाडीवाला आमच्याच गल्लीत भोंगा बंद करून कसा निघून जातो, तेही झालं. मग महिला मंडळाच्या कुंदाकाकूंनी माझ्या हातातलं पुडकं घेतलं. "आता हे पहा भाऊ. नाकाले रुमाल लावा," म्हणत त्यांनी कागद फाडला.

आत काचेसारखं निर्मळ पाणी होतं.

मग धरमसिंगभाऊंनी बाटली उचलून दिव्यापुढे धरली.

"काकू, हे तर मी घरी नेतो. माह्या माठातलं बी इतकं साफ नसते!"

सगळे हसले. जी माणसं कालपर्यंत बादल्या दाखवून रडत होती, तीसुद्धा. मी मांडीवरच्या शाल्मलीला घट्ट धरलं. चार वर्षांची आहे ती. महिन्याभरापूर्वी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. अजूनही रोज सकाळी मी तिला खिडकीत नेते, पापणी खाली ओढते आणि पाहते. डॉक्टरांनी बजावलंय, यकृत अजून नाजूक आहे, दूषित पाणी पुन्हा पोटात जाता कामा नये.

आणि आमच्याकडे सहा दिवसांनी नळ येतो. पुढची पाळी उद्या पहाटे होती.

"भाऊ, या गल्लीत नऊ लेकरांना कावीळ झाली," मी म्हटलं.

"ताई, गावभर पाणीपुरीच्या गाड्या हाये. त्यायले नाही का विचाराचं?" ते म्हणाले, पण हसले नाहीत. "हे पहा, मी आत्ता इंजिनिअरसाहेबाले फोन लावतो. उद्या नळ बंद ठेवून लाईन खोदाले लावतो. पन त्यायले दाखवू काय? हे? आजूबाजूच्या गल्ल्यायले तेच पाणी जाते, तिकडे कोणी बिमार नाही. म्हणून पुसतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "वॉल्ववालाच घाण सोडते!"

दाराशी उकिडवा बसलेला, गल्लीगल्लीला पाणी सोडणारा बाबुलाल वॉल्वमन दचकला.

"असं म्हणता? तर मंग बाबुलालले हटवतो. झालं समाधान?" भाऊ उठले. "मी पाच नंबर गल्लीत जाऊन राह्यलो. तासाभरानं काकूकडे चहाले येतो. तवरिक काही असंन तर दाखवा. नाहीतर उद्या नळ सोडाच लागते, बाप्पा. लोकायचे ड्रम कोरडे पडले."

ते गेले. खोली रिकामी झाली. शाल्मली टेबलापाशी गेली आणि बाटलीला नाक लावून म्हणाली,

"आई, यात आपल्या मासोळ्या आहेत."

२

'मासोळ्या' हा शब्द आमच्या घराबाहेर कोणाला कळला नसता.

कावीळ झाल्यापासून मी तिचं पाणी वेगळं करते. तुरटी फिरवायची, रात्रभर निवळू द्यायचं, सुती कापडाच्या चार पदरांतून गाळायचं आणि मग वीस मिनिटं उकळायचं. आमच्या भागातलं पाणी जड. उकळलं की त्यात पांढरे पापुद्रे सुटतात आणि भांडं हलवलं की तरंगत फिरतात. शाल्मली ते प्यायला तयार नव्हती. तेव्हा मीच तिला सांगितलं, त्या मासोळ्या आहेत, पोटात जाऊन घाण खातात.

मी बाटली हलवली. तळातून पांढरे पापुद्रे उठले, गोल फिरले आणि पुन्हा खाली बसले.

गल्लीत आणखी कोणी पाणी उकळत नाही. "सिलिंडर काय झाडाले लागते?" असं मला तोंडावर सांगणारेच आहेत. म्हणजे हे पाणी माझ्या स्वयंपाकघरातलं होतं.

बाटली तरी तीच होती का? तीच. बुडाजवळ शाल्मलीने चिकटवलेली लाल टिकली होती. मग मी झाकण पाहिलं. पट्टी पांढरी होती, तारीखही होती. पण मी पट्टी दाताने तोडली होती, तिच्या टोकाला दशा निघाल्या होत्या. या पट्टीचं टोक सरळ होतं. कात्रीने कापलेलं. म्हणजे कोणीतरी निवांत बसून हे काम केलं होतं. सलाईनची पट्टी आमच्या औषधांच्या डब्यात असते, कात्रीही त्यातच. बाटली अंगणवाडीत नाही, आमच्याच घरात बदलली गेली होती.



घरात आम्ही तिघं. मी, शाल्मली आणि माझे सासरे नरहरबाबा. माझा नवरा स्वानंद पुसदला नोकरीला, या आठवड्यात आलाच नव्हता. बाबा निवृत्त हेडक्लार्क. गल्लीत त्यांना 'अर्जमास्तर' म्हणतात. रेशनकार्डापासून विजेच्या खांबापर्यंत प्रत्येकाचा अर्ज त्यांच्याच हातचा. नगरसेवकांना द्यायच्या पाण्याच्या अर्जाचा मसुदाही त्यांनीच लिहिला होता. त्यांना उकळलेलं पाणी चालत नाही, "मेलेलं पाणी" म्हणतात. त्यांचा माठ वेगळा.

मग बाहेरचं कोण? शेजारच्या अमिनाबी. त्यांच्या नातवालाही कावीळ झाली, म्हणून मी त्यांना रोज सकाळी एक कॅन उकळलेलं पाणी देते. आणि त्यांचा मुलगा आसिम. तो मोटारी दुरुस्त करतो आणि नळाची कामंही करतो. शनिवारी दुपारी आमचा कूलर सुरू करून द्यायला आला होता.

शनिवार! मला उकळलेल्या पाण्याचं पातेलं आठवलं. शुक्रवारी रात्री काठोकाठ भरलेलं पातेलं शनिवारी संध्याकाळी चार बोटं उतरलं होतं. मला वाटलं होतं, अमिनाबींना कॅन जास्त भरून दिला असेल.

मी झाकण उघडलं आणि एक थेंब जिभेवर ठेवला.

साधं पाणी होतं. गोड नव्हतं.

अमिनाबी कॅन घरी पोचताच त्यात ग्लुकोज ढवळून ठेवतात. माझ्यासमोरच कितीदा ढवळलंय. म्हणजे हे पाणी त्यांच्या घरून आलं नव्हतं. उरला आसिम, माझ्या घरात आलेला. पण शनिवारी तो होता तोवर मी शिडी धरून त्याच्याशेजारीच उभी होते. पाणीसुद्धा मीच त्याला माठातलं दिलं होतं.

घड्याळात साडेसहा वाजले होते.

३

बाबुलाल अजून बाहेर ओट्यावर बसला होता. शेजारी वॉल्व उघडायची लांब चावी आडवी पडलेली.

"ताई, अकरा वर्सं झाली मले," तो म्हणाला. "मी फक्त चावी फिरवतो. घाण काय मी खिशातून टाकतो?"

"बाबुलालभाऊ, आमच्याच गल्लीत का येते?"

"सांगतो, पन माहं नाव नका घेऊ. शिवरातीपासून तुमच्या गल्लीतलं प्रेशर एकदमच पडते. मी वॉल्व पुरा खोलतो, तरी लोक सांगते का शेवटच्या घरी धारच नाही. कोणीतरी ओढून राह्यलं."

"ओढून म्हणजे?"

"टिल्लू पंप. लहानी मोटार, सरळ नळाले बसवते. आता तुमचे नळाचे पाईप कुठून जाते? नालीतून. जुने झाले, चिरा पडल्या. पानी आपल्या जोरानं वाहते तवरिक चीर बाहेर थुंकते. मोटारीनं ओढलं का तेच चीर आत पिते. नालीच पिते, ताई. आन् मोटार बंद केली का ते लाईनीत वापस पसरते, आजूबाजूच्यायकडे."

"कोणाकडे आहे?"

"ते मले कसं दिसन? पानी असते पहाटे, अन् मी असतो टाकीपाशी. लाईन खोदली का दिसन."

म्हणजे बाटली बदलणाऱ्याला इंजिनिअर नको होता. लाईन खोदायला नको होती. गल्लीत मोटारी बसवणारा माणूस एकच होता. मी शाल्मलीला उचललं आणि तडक आसिमच्या दारात गेले.

तो अमिनाबींच्या नातवाला, म्हणजे आपल्याच मुलाला भात भरवत होता. अमिनाबी आत नमाजाच्या तयारीत होत्या.

"आसिमभाऊ, टिल्लू पंप कोणाकडे बसवला?"

त्याचा हात ताटातच थांबला. "बैठो ना वहिनी. चाय..."

"उद्या पाणी येतंय. तुमच्याही मुलाला तेच पाजणार आहात का?"

"असं नका बोलू!" तो एकदम चिडला. "माह्या पोट्ट्याचे डोळे पिवळे झाले तवा मी काय झोपलो होतो? तीन बार बोललो त्यायले, काढून टाकू म्हणून. म्हणते, वहिम आहे तुझा."

"कोण म्हणतं?"

तो पुन्हा भात कालवू लागला. आतून अमिनाबी म्हणाल्या, "बोल दे ना आसिम. कितने दिन पेट में रखेगा?"

"जबान दिली हाये अम्मी. बड्या माणसाले दिली." त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "वहिनी, मी नाव नाही घेणार. एकच विचारतो. शिवरातीच्या टायमाले तुम्ही कुठी होत्या?"

मी फुलसावंगीला होते. चुलतबहिणीच्या लग्नाला, माहेरी. आठ दिवस.

मी शाल्मलीला घेऊन घराकडे वळले. त्याच्या हातातला घास ताटातच राहिला होता.

४

आसिमच्या दारापासून आमच्या फाटकापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मला दीड महिन्यातली प्रत्येक पाण्याची पहाट आठवली.

पाणी आलं की बाबा उठून रेडिओ मोठ्याने लावायचे. "भक्तीगीतं आहेत, ऐक," म्हणायचे. मी अंथरुणात असतानाच वरचा पंखा मंद व्हायचा. मी मनात म्हणायचे, व्होल्टेज गेलं. पण पंखा फक्त पाण्याच्याच दिवशी मंद व्हायचा, आणि ड्रम भरले की पुन्हा भरभर फिरू लागायचा. मी इतकी डोळ्यांत तेल घालून जगते. बाजारच्या भाजीवरची माशीसुद्धा मोजते. आणि हे डोक्यावरचं मला दिसलं नव्हतं. पाणी भरायला मी उठले की बाबा म्हणायचे, "तू पोरीजवळ थांब. पाण्याचं माझ्याकडे." मंगळवारी मी हट्टाने त्यांच्याआधी उठले होते, म्हणून तर पहिली धार माझ्या हाती लागली. त्यांनी मला बाटली भरताना पाहिलं तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. रेडिओही त्या दिवशी लावायचा राहिला होता.

अंगणात नळाच्या खड्ड्यावर फरशी आहे आणि फरशीवर कोरफडीची मोठी कुंडी. मी माहेराहून आले तेव्हापासून आहे. बाबांना बागकामाची हौस कधीपासून, असं मला तेव्हा वाटलं होतं खरं. मी वाकून पाहिलं. कुंडीच्या बुडापासून फरशीवर अर्धगोल ओरखडे उमटले होते. दर सहा दिवसांनी सरकवल्या जाणाऱ्या कुंडीचे.

शाल्मलीला पायरीवर बसवलं. कुंडी ढकलली. फरशीची कड धरून उचलली.

खाली मोटार होती. तांब्याएवढी, निळी. तिची वायर भिंतीच्या भोकातून बाबांच्या खोलीत गेली होती.

"फरशी जड आहे. बोटं चेंगरतील."

बाबा दारात उभे होते. हातात चष्मा.

मला ओरडायचं होतं. पण शाल्मली बघत होती. म्हणून मी हळू बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट झालं असावं.

"पातेल्यातलं पाणी तुम्ही घेतलंत. शनिवारी, मी कूलरपाशी शिडी धरून होते तेव्हा."

"हो."

"माठातलं का नाही घेतलं?"

"माठातलंही पिवळसरच ना गं ते." बाबा पायरीवर बसले. "घरात स्वच्छ पाणी एवढंच होतं. पोरीचं."

ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत राहिले.

"शिवरात्रीला धार इतकी बारीक आली की एक ड्रमसुद्धा भरला नाही. तू माहेरी होतीस. म्हटलं, सून येईल, पोर येईल. उन्हाळा समोर. तिला आंघोळीला नको? आसिमला म्हटलं, बसव. तो म्हणाला होता, काका, पाईप नालीतून आहे. मी म्हटलं, काही होत नाही, सगळेच बसवतात. मग तिला कावीळ झाली. आसिमचा पोरगा आजारी पडला. मी स्वतःला सांगत राहिलो, बाहेरचं काही खाल्लं असेल." त्यांनी चष्मा पुसला. कोरडाच होता. "मंगळवारी तू ती बाटली भरलीस. तिचा रंग पाहिला आणि मला कळलं. त्या दिवशी सुरूच केली नाही मी मोटार."

"मग काढली का नाहीत? अर्ज का लिहिलात? बाटली का बदललीत?"

"अर्ज लिहायला सांगितला तुम्ही सगळ्यांनी. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. आणि लाईन खोदली असती तर पहिला खड्डा आपल्याच दारात पडला असता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहून दिल्या गं. हात थरथरला नाही कधी."

"बाबा, बाबुलालला काढतायत."

त्यांनी वर पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. सभेला ते आलेच नव्हते, गुडघा दुखतोय म्हणाले होते.

"आणि चीर तशीच आहे," मी म्हटलं. "आपण मोटार बंद ठेवली, उद्या दुसऱ्या कोणी बसवली तर? भाऊ काकूंकडे आले असतील. तुम्ही सांगता की मी सांगू?"

शाल्मलीने खड्ड्यात वाकून विचारलं, "आजोबा, हे काय आहे?"

बाबा उठले. ते आत गेले. दार लोटल्याचा आवाज आला, मग कडी.

५

कुंदाकाकूंच्या ओसरीवर धरमसिंगभाऊ बशीतून चहा पीत होते. बाबुलाल खाली उभा होता.

"या ताई. सापडलं का काही?"

बाटली माझ्या हातात होती. मी बोलायला तोंड उघडलं. घरातल्या माणसाचं नाव तोंडातून निघायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं. काकू माझ्याकडे पाहत होत्या. "बोल ना भैरवी, अशी काहून पांढरी पडली?"

"सरका जरा," मागून आवाज आला.

बाबा होते. पांढरा सदरा घातलेला, इस्त्रीचा. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून लोंबणारी वायर. मागे आसिम पाना घेऊन. कडी लावून त्यांनी काय केलं ते मला आता दिसलं. वायर आतून काढली होती आणि मागच्या दाराने आसिमला बोलावलं होतं.

त्यांनी मोटार चहाच्या ट्रेशेजारी ठेवली. खिशातून कागद काढला.

"धरमसिंग, अर्ज आहे. वाचून दाखवतो."

"काका, तुमचा अर्ज तर माह्यापाशी हायेच..."

"तो खोटा होता. हा ऐक."

चार ओळी होत्या. टिल्लू पंप माझ्या घरी होता. नाली त्यानेच ओढली. बाटलीतलं पाणी मीच बदललं. बाबुलालचा काहीही दोष नाही, तरी लाईन तातडीने तपासावी आणि माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई करावी. आपला विश्वासू, असं खाली लिहायचं त्यांनी या वेळी टाळलं होतं.

ओसरीवर कोणी हसलं नाही. कुंदाकाकू पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाल्या, "माह्या नातीले पण झाली होती, भाऊजी."

बाबांनी मान खाली घातली. "माहीत आहे."

धरमसिंगभाऊंनी बशी खाली ठेवली, फोन काढला. इंजिनिअरसाहेबांशी दोन मिनिटं बोलले. मग बाबुलालकडे वळले. "उद्या या गल्लीचा वॉल्व बंद ठेव. सकाळी आठले माणसं येते खोदाले. तवरिक टँकर पाठवतो मी." बशी पुन्हा उचलत म्हणाले, "आन् मघा बोललो ते सोड बाप्पा. माहं तोंड असंच आहे."

बाबुलालने चावी उचलून खांद्यावर घेतली.

सकाळी पहिली कुदळ आमच्याच दारात पडली. हातभर खाली पाईपाला बोटभर लांब चीर होती, नालीच्या काळ्या चिखलात. बघायला अख्खी गल्ली जमली. काहींनी लगेच घरी जाऊन आपापल्या कुंड्या सरकवल्या, असं आसिम म्हणतो. दुपारपर्यंत त्याने पाच मोटारी काढल्या.

आमच्याकडे कोणी अर्ज लिहायला येत नाही आता. येतील तेव्हा येतील. टँकर आला तेव्हा बाबा कळशी घेऊन रांगेत उभे राहिले, सगळ्यात शेवटी. अमिनाबींनी त्यांना पुढे यायला सांगितलं. ते गेले नाहीत. अमिनाबींनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

माझा राग गेलेला नाही. रात्री मी पाणी उकळलं. शाल्मलीने पेला धरला आणि तोंड वाकडं केलं. "मासोळ्या आहेत."

बाबा माठाकडे निघाले होते. ते वळले, तिच्याजवळ खाली बसले. "दे, आधी मी पितो," म्हणाले. ते मेलेलं पाणी त्यांनी घोट घोट करत अर्धं संपवलं आणि पेला तिच्या हातात दिला.

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग प्यायली.

मी तिला उचलून खिडकीशी नेलं, दिवा लावला आणि तिची पापणी खाली ओढली. डोळा पांढरा होता. उद्या पुन्हा पाहीन.